खुरप्याच्या मुठी आणि छोट्या लेथचं सामान



भांगलण सुरू झाली की एक तक्रार ठरलेली: मूठ हलते, मूठ बोचते. बाजारची मूठ एकाच जाडीची. लहान हाताच्या बाईला ती जाड पडते आणि दुपारपर्यंत तळव्याला फोड येतात. म्हणून मागच्या उन्हाळ्यात लाकूड कातायचं जुनं छोटं लेथ घेतलं. अर्ध्या एचपीची सिंगल फेज मोटर, शेडच्या कोपऱ्यात बसतं. मशीन स्वस्तात मिळालं, पण सोबत सामान नाही आणि कंपनीची पाटीही नाही. "ह्याचं सामान मिळायचं नाही," असं चार जणांनी सांगितलं. पण मिळालं. कसं ते लिहितो.

दुकानात कंपनीचं नाव घेऊन जाऊ नका, माप घेऊन जा. ६२०४ बेअरिंग म्हटलं की आतून २०, बाहेरून ४७ आणि जाडी १४ मिमी, मग कंपनी कोणतीही असो. ए-३६ पट्टा म्हटलं की आतली लांबी ३६ इंच. हे आपल्याला मोटर-पंपामुळे माहीत असतं. लेथचंही तसंच आहे.

माप १ : शाफ्टचे आटे. व्हर्नियरने बाहेरचा व्यास घ्या आणि एका इंचात किती आटे येतात ते मोजा. छोट्या लेथवर पाऊण इंच १६ आटे किंवा एक इंच ८ आटे बऱ्याचदा दिसतात. मिमीचे आटेही असतात. एक इंच ८ आट्यांचा नट हार्डवेअरमध्ये मिळतो. तो हाताने शेवटपर्यंत सरळ गेला तर माप कळलं. दोन फेऱ्यांत अडकला तर जोर लावू नका.

माप २ : सेंटर बसतं ते निमुळतं भोक. तोंडाशी साधारण १२ मिमी असेल तर एमटी-१, पावणेअठरा मिमीच्या आसपास असेल तर एमटी-२. माझं एमटी-२ निघालं. हेच माप लोखंडाच्या लेथलाही चालतं, त्यामुळे फिरतं सेंटर तालुक्याच्या मशिनरी दुकानात मिळालं. भोक कोरड्या फडक्याने पुसून सेंटर घाला. हललं तर ते माप तुमचं नाही.

आता चक. सगळ्यात महाग तोच, आणि मुठींसाठी तो लागतच नाही. एका बाजूला लाकडात रुतणारं दातांचं सेंटर, दुसऱ्या बाजूला फिरतं सेंटर, एवढ्यावर काम होतं. फक्त क्रम बदलायचा. खुरप्याचं टोक जाणारं भोक आधी ड्रिलने पाडायचं आणि फिरत्या सेंटरचं टोक त्याच भोकात बसवायचं. मग लाकूड भोकाभोवतीच फिरतं आणि भोक आपोआप मध्यात येतं. कडं म्हणून अर्धा इंची जीआय पाइपचा तुकडा. वाट्या, भांडी कातायची असतील तरच चकाचा विचार करा.

लाकूड बाभळीचं, पण पूर्ण वाळलेलं. ओलं कातलं तर नंतर आकसतं आणि कडं सैल होतं. जाडी मी ठरवत नाही. तीन जाडीचे नमुने बांधावर ठेवले, ज्या बाईला जो हाताला बसला तो तिचा. सगळ्यात बारीक नमुना जास्त जणींनी उचलला.

काटकसर कुठे करू नये तेही सांगतो. आटे जुळत नसताना टेप गुंडाळून किंवा वेल्डिंगचा टाका मारून काही बसवू नका. फिरत्या शाफ्टवरून सुटलेला तुकडा थेट तोंडावर येतो. जुळणी करायचीच असेल तर लेथवाल्याकडून आट्यांचा अडॅप्टर कातून घ्या. डोळ्याला चष्मा हवाच. आणि मशीनपाशी जाताना गळ्यातला टॉवेल आधी खुंटीला.