फोटोशिवाय आलेली रेकॉर्ड

चार्ली प्राइडचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो शिलाँगमध्ये, बदलीच्या काळात, खासी शेजाऱ्याच्या टेपरेकॉर्डरवर. अमेरिकेतलं हे कंट्री संगीत ईशान्येत फार प्रेमानं ऐकतात. भरदार, उबदार, कसलीही घाई नसलेला आवाज. कॅसेटवरच्या फोटोत तो हसत होता.

हा फोटो आधी लपवलेला होता, हे मला बऱ्याच वर्षांनी वाचनात आलं. १९६६ साली त्याच्या पहिल्या रेकॉर्डी रेडिओ केंद्रांकडे गेल्या, तेव्हा आरसीए कंपनीनं सोबत नेहमीसारखा फोटो पाठवला नाही. गायक काळा आहे हे कळलं तर रेकॉर्ड वाजणारच नाही, ही धास्ती. मिसिसिपीतल्या कापूसवाल्या कुळाच्या पोराचा आवाज लोकांना आवडला. मग डेट्रॉइटच्या एका मोठ्या कार्यक्रमात तो प्रत्यक्ष मंचावर आला आणि टाळ्या मध्येच विरल्या. त्यानं स्वतःच्या रंगावर विनोद केला, लोक हसले, गाणं सुरू झालं.

हा प्रसंग कौतुकानं सांगतात. मला मात्र तो विनोद टोचतो. अवघडले होते ते. त्यांना मोकळं करायचं कामही यानंच करायचं?

महाराष्ट्रात परतल्यावर मी फोनवरून घर शोधत होतो. माझं बोलणं घरमालकांना पसंत पडे. "कधीही या बघायला," म्हणत. मग सहज विचारल्यासारखं, "आडनाव काय म्हणालात?" आडनाव सांगेपर्यंत घर रिकामं असे, सांगितलं की ते कालच कुणाला तरी दिलेलं असे. "हरकत नाही," असं मीही हसून म्हणत असे.

आणि ज्या संगीताच्या दारात प्राइडला असं उभं राहावं लागलं, ते मुळात कुणाचं? बँजो हे वाद्य गुलाम करून आणलेल्या आफ्रिकनांनी घडवलं. हँक विल्यम्सला पोरवयात संगीत शिकवलं ते रूफस पेन या काळ्या, रस्त्यावर वाजवणाऱ्या माणसानं. १९२०च्या दशकात कंपन्यांनी गोऱ्यांची गाणी 'हिलबिली' आणि काळ्यांची 'रेस रेकॉर्ड्स' अशा वेगळ्या याद्यांत टाकली, आणि विक्रीची ती सोय पुढे वंशावळ होऊन बसली. नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या रेडिओ कार्यक्रमाचा सुरुवातीचा लाडका कलाकार होता डीफोर्ड बेली, हार्मोनिकावर आगगाडी धावती करणारा. १९४१मध्ये त्याला काढून टाकलं. पुढे त्यानं बुटांना पॉलिश करून पोट भरलं. कंट्री संगीताच्या मानाच्या दालनात त्याचं नाव २००५ साली लागलं. तो १९८२मध्येच गेला होता.

प्राइडला १९७१ साली कंट्री संगीताचा वर्षातला सर्वोच्च सन्मान मिळाला. त्यानंतर त्याच्याकडे बोट दाखवून दार उघडंच आहे असं म्हणायची सोय झाली. आत येताना दिसणारे काळे गायक मात्र बोटांवर मोजण्याइतकेच राहिले.

२०१९मध्ये लिल नॅस एक्स या काळ्या तरुणाचं 'ओल्ड टाउन रोड' बिलबोर्डनं कंट्रीच्या यादीतून काढलं. आजच्या कंट्रीचा अंश त्यात पुरेसा नाही, असं कारण दिलं. सर्वसाधारण यादीत ते एकोणीस आठवडे पहिलं होतं. मी ते लावून ऐकलं. सुरुवातीलाच बँजो वाजतो.