सांगता येईल अशी शाळा

कन्हान, जि. नागपूर

चि. भाचीस,


शाळेतले सन्मानाचे वागणे म्हणजे कोणत्याही मुलाला रंग, जात, भाषा, घरची स्थिती किंवा अभ्यासातली गती यांवरून कमी न लेखणे, आणि त्याच्या अंगाला त्याच्या मनाविरुद्ध हात न लावणे. हा नियम विद्यार्थ्यांपुरता नाही. मुख्याध्यापक, शिक्षक, लिपिक, शिपाई, व्हॅनचा चालक आणि फाटकाशी थांबलेला पालक, सगळ्यांना तो सारखाच लागू आहे.

कन्हान हे नदीकाठचे गाव कोळसा खाणी आणि कारखान्यांभोवती वाढले. खाण कामगारांची, शेतकऱ्यांची, मजुरांची, दुकानदारांची मुले इथे एकाच बाकावर बसतात. कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या घरी हिंदी. अशा वर्गात त्रासाची सुरुवात बहुधा नावापासून होते. बोलण्यावरून, रंगावरून, आडनावावरून कुणाला चिडवायचे नाव पडते आणि मोठी माणसे त्याला मस्करी म्हणून सोडून देतात. मस्करीत दोघेही हसतात, आणि एकाने ‘पुरे’ म्हटले की ती थांबते. छळात रोज तोच एक जण सापडतो, उलट बोलण्याचे बळ त्याच्यापाशी नसते आणि बघणारे गप्प राहतात. मोबाइल आल्यापासून हा छळ शाळा सुटल्यावरही सुटत नाही. वर्गाच्या ग्रुपवरून तो घरात शिरतो.

कायद्याने छळाची वेगवेगळी रूपे ओळखली आहेत. शिक्षण हक्क कायदा, २००९ चे कलम १७ शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई करते. छडी बंद हवी, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. वर्गासमोर एखाद्याला ‘ढ’ ठरवणे हेही त्याच कलमाच्या विरोधात जाते, हे विसरले जाते. पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. तो १८ वर्षांखालील मुलींना आणि मुलग्यांनाही लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देतो. शिक्षिका आणि इतर महिला कर्मचाऱ्यांसाठी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती नेमावीच लागते आणि तिची अध्यक्ष महिलाच असते.

पॉक्सोचे कलम १९ प्रत्येक शाळेने पाठ करावे असे आहे. गुन्हा घडल्याचे समजले किंवा घडण्याची भीती वाटली, तरी पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘आधी आपसांत बघू’, ‘शाळेचे नाव खराब होईल’ या कारणांना इथे जागा नाही. सद्‌हेतूने कळवणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही.

उशिराची किंमत महाराष्ट्राने ऑगस्ट २०२४ मध्ये पाहिली. बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार पुढे आली, गुन्हा नोंदवायला विलंब झाला, आणि २० ऑगस्टला संतापलेले लोक रेल्वे रुळांवर उतरले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर राज्य शासनाने सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची पूर्वपडताळणी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती यांबाबत शाळांना पुन्हा सूचना दिल्या. ही समिती नवी नव्हती. तिचा शासन निर्णय मार्च २०२२ चा आहे. कागदावर नेमलेली समिती मुलांना माहीतच नसेल, तर ती असून नसल्यासारखीच.

म्हणून मूल सांगायला येते ती घटका सर्वांत महत्त्वाची. ऐकणाऱ्याने आपले काम बाजूला ठेवावे, मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहावेत, तेच ते खोदून विचारू नये. ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येत नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याच्यासमोर मुलाला उभे करू नये. लहान गावात मुलाचे नाव संध्याकाळपर्यंत चौकात पोचते. ते गुप्त राखणे हे कायद्याचे बंधन आहे आणि माणुसकीचेही. चिडवणारा विद्यार्थी असेल तर त्याला चारचौघांत अपमानित करून सन्मान शिकवता येत नाही. त्याच्याशी एकांतात बोलावे, पालकांना बोलवावे, झालेले नुकसान त्याला भरून काढायला लावावे आणि पुढचे काही आठवडे लक्ष ठेवावे.

रोजची तयारी साधी आहे. वर्गाचे नियम मुलांशी बोलून ठरवावेत. प्रसाधनगृह, जिना, व्हॅन अशा आडोशाच्या जागांवर लक्ष असावे. तक्रारपेटी सर्वांत लहान मुलाचा हात पोचेल इतक्या उंचीवर लावावी आणि ठरल्या दिवशी उघडावी. १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत असावेत. पेटी महिनोन्‌महिने रिकामी राहिली, तर शाळा सुरक्षित आहे असे लगेच मानू नये. मुलांना पेटी उघडणाऱ्याचा भरवसा वाटतो का, हे आधी त्यांनाच विचारावे.

तुझी आत्या