टाकाऊचा ताळेबंद

रविवारी रात्री साडेनऊला, ताकभात खाऊन आता आडवं व्हावं असा थोर विचार मनात चालू असताना आमची कन्या सहज म्हणाली, "बाबा, उद्या शाळेत 'टाकाऊतून टिकाऊ' खेळणं न्यायचंय."

"उद्या?"

"बाईंनी मागच्या सोमवारीच सांगितलं होतं. मी विसरले."

विसरण्याचा हा गुण तिने कोणाकडून घेतला, याबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत. त्यांतलं एक माझं असल्यामुळे ते धरलं जात नाही.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. गेली एकवीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसून लोकांचे पैसे मोजतो. माझ्या हातून घडलेली एकमेव कलाकृती म्हणजे माझी सही, आणि तीही दर वेळी वेगळी येते असा साहेबांचा शेरा आहे. पण लेकीसमोर "मला येत नाही" म्हणणारा बाप अजून जन्मायचाय. मी बाह्या सरसावल्या आणि म्हटलं, "त्यात काय! आण टाकाऊ वस्तू."

तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. आमच्या घरात टाकाऊ वस्तूच नव्हती! तुम्हीही एकदा आपल्या घरात शोधून पाहा. मराठी मध्यमवर्गीय घरात कुठलीच वस्तू टाकाऊ होत नाही, तिची फक्त बदली होते. श्रीखंड संपलं की डबा मोहरीकडे जातो, मोहरीकडून सुईदोऱ्याकडे, आणि झाकण हरवलं की कढीपत्त्याच्या रोपाखाली. बनियन जुना झाला की फरशीवर रुजू होतो, तिथून स्कूटर पुसायला. निवृत्ती कोणालाच नाही. मी एका रिकाम्या डब्याला हात घातला, तोच आतून आवाज आला, "तो नाही हं! त्यात मेतकूट ठेवायचंय." मिक्सरचं खोकं उचललं. "ते वॉरंटीसाठी ठेवलंय." वॉरंटी संपून सहा वर्षं झाली होती, पण बायकोशी तारखांवरून वाद घालू नये, एवढं मला लग्नाच्या तारखेने शिकवलं आहे.

शेवटी कोपऱ्यावरचं स्टेशनरीचं दुकान गाठलं. दुकानदार शटर अर्धं ओढून वाटच बघत होता. "टाकाऊतून टिकाऊ ना? या. संध्याकाळपासून तुम्ही अकरावे." त्याने आइस्क्रीमच्या काड्या काढल्या. त्यांना जन्मात आइस्क्रीम लागलं नव्हतं. पाठोपाठ पुठ्ठ्याच्या कोऱ्या नळ्या आणि रंगीत बुचं. कोरा करकरीत कचरा! एकूण ३४० रुपये.

"कचऱ्याचे एवढे?" मी म्हणालो.

"साहेब, चांगला कचरा हल्ली मिळतो कुठे?"

तसं पाहिलं तर कचऱ्यातून खेळणी करणं हे काही हलकं काम नाही. अरविंद गुप्ता १९७५ साली आयआयटी कानपूरमधून इंजिनिअर झाले आणि पुढे त्यांनी काय केलं? तर काड्यापेटीतल्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, जुनी वर्तमानपत्रं असल्या ऐवजातून मुलांसाठी विज्ञानाची खेळणी केली. आपल्या पुण्यात 'आयुका'मध्ये मुलांना ती करायला शिकवली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मला पद्मश्रीची घाई नव्हती. सकाळी सातची शाळा गाठायची होती.

काड्या समोर मांडून मी अर्धा तास त्यांच्याकडे बघत बसलो, आणि एकदम आठवला रिळाचा ट्रॅक्टर. लहानपणी बाबा करायचे. दोऱ्याचं रिकामं रीळ घ्यायचं, भोकातून रबरबँड ओवायचा. एका टोकाला काडीचा बारका तुकडा अडकवायचा, दुसऱ्या टोकाला लांब काडी. लांब काडी फिरवून रबराला पीळ द्यायचा आणि जमिनीवर सोडायचं. पीळ सुटत जातो तसं रीळ डुगडुगत चालू लागतं.

ही शिवणाचं मशीन चालवते. एका रिळावर चार हात दोरा उरला होता. तो कागदाच्या पट्टीवर गुंडाळून घेतल्याशिवाय तिने रीळ दिलं नाही. भाजीच्या जुडीचा रबरबँड मिळाला, उदबत्तीची काडी मिळाली. पीळ दिला, सोडला. ट्रॅक्टरने एक उचकी दिली आणि प्राण सोडला. पुन्हा पीळ, पुन्हा उचकी. कन्येच्या डोळ्यांत पाणी जमू लागलं.

पावणेअकराला मी सांगलीला बाबांना फोन लावला.

"काय रे, सगळं बरं आहे ना?" एवढ्या रात्री फोन आला की म्हातारी माणसं आधी हे विचारतात.

"बाबा, रिळाचा ट्रॅक्टर चालत नाहीये."

पलीकडे क्षणभर शांतता. मग अगदी कचेरीतल्या आवाजात प्रश्न आला, "मेणबत्तीची चकती घातलीस का?"

"कसली चकती?"

"अरे, काडी थेट रिळाला घासते, म्हणून अडकते. मेणबत्तीची चकती काप, मधे भोक पाड, ती रीळ आणि काडीच्या मधे घाल. साबणाची वडीही चालेल. आणि रीळ प्लॅस्टिकचं असेल, ते घसरेल. दोन्ही कडांना एकेक रबर गुंडाळ. लाकडाच्याला मी खाचा पाडायचो."

चकती घातली. ट्रॅक्टर निघाला! संथ, रुबाबात, माझ्या पासबुकावर चढला आणि पलीकडे उतरला. पोरगी किंचाळली. ते सांगलीला ऐकू गेलं असणार, कारण बाबा हसले आणि म्हणाले, "पण एवढी यातायात कशाला? चावीची गाडी घेऊन टाकायची."

मी गप्प झालो.

बँकेत सस्पेन्स खातं म्हणून एक प्रकार असतो. ज्या रकमेची नोंद कुठे करावी ते कळत नाही, ती तात्पुरती तिथे टाकतात, आणि तात्पुरतं म्हणता म्हणता वर्षं जातात. माझी एक नोंद १९८८ सालापासून तिथे पडून आहे. माझ्या आठव्या वाढदिवसाला बाबांनी तेलाच्या डब्याच्या पत्र्याचा ट्रक केला होता, जुन्या स्लिपरची चाकं कापून. चार रात्री जागले होते. मी सगळ्या पोरांसमोर म्हणालो, "ही डब्याची आहे. मला खरी हवी, चावीची." बाबा हसले. पुढच्या पगाराला त्यांनी चावीची गाडी आणली. चौथ्या दिवशी तिची स्प्रिंग तुटली. ट्रक मी मनातल्या मनात पुष्कळ चालवला, पण मागितला नाही. बाबांनीही पुन्हा काही केलं नाही.

"चावीची नको," मी म्हणालो. "डब्याची जमेल का?"

बराच वेळ फोनमधून पंख्याचा आवाज येत राहिला.

"पत्र्याच्या कडा आधी दुमडून घ्याव्या लागतील," बाबा म्हणाले. "पोरीचा हात कापेल. तू करू नकोस. मी शनिवारी येतो."

सोमवारी शाळेत पहिला नंबर विकतच्या काड्यांच्या बंगल्याला मिळाला. आमच्या ट्रॅक्टरला 'फिनिशिंग हवे' असा शेरा आला. मात्र मधल्या सुट्टीत पीळ द्यायला पोरांची रांग लागली आणि रबरबँड तुटला. कन्येने डब्याचा रबर काढून तो स्वतःच बसवला. ३४० रुपयांचा कचरा आम्ही श्रीखंडाच्या डब्यात जपून ठेवला आहे. लागेल कधीतरी.

शनिवारी बाबा पत्रा कापायची कात्री पिशवीत घालून येत आहेत. सस्पेन्समधल्या नोंदीचं व्हाउचर मी मनात लिहून ठेवलंय. आता एकच अडचण उरली आहे. घरात तेलाचा रिकामा डबा एकच आहे, आणि त्यात ही तांदूळ भरणार आहे.