बाप कोण, हे कोर्ट सहसा का विचारत नाही

लक्ष्मण उतेकर यांच्या ‘मिमी’ (२०२१) या हिंदी चित्रपटात लग्न न झालेली मिमी एका परदेशी जोडप्याचं मूल पोटात वाढवते. डॉक्टर बाळात दोष असल्याचं सांगतात, जोडपं पळ काढतं. घरच्यांना दिवस गेल्याचं कळतं तेव्हा ती बाप म्हणून भानू ड्रायव्हरचं नाव सांगून मोकळी होते. पंकज त्रिपाठींचा भानू आयताच जावई होतो, मग त्याची खरी बायको दारात उभी राहते. माणसं पोट धरून हसतात, मीही हसले. पण पनवेलच्या कोर्टात नवरा-बायकोचे दावे चालवताना हाच प्रश्न माझ्यासमोर येतो, तेव्हा कोणी हसत नाही.

खारघरच्या टॉवरमधला असो की नेऱ्याकडचा, संशयाने पोखरलेला नवरा एकच मागणी करतो: “वकीलबाई, पोराची डीएनए करून घ्या, एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे.” त्याला समजावणं कठीण जातं. १८७२च्या पुरावा कायद्याच्या कलम ११२नुसार लग्न टिकून असताना, किंवा ते संपल्यापासून २८० दिवसांत आई अविवाहित असताना जन्मलेलं मूल त्या नवऱ्याचंच. गर्भ राहू शकला असता त्या काळात दोघांचा संबंध येणंच शक्य नव्हतं, हे सिद्ध झालं तरच यातून सुटका. १ जुलै २०२४पासून नवा कायदा आला, कलमाचा आकडा ११६ झाला, पण तत्त्व तेच राहिलं.

इंग्रजांच्या काळातलं हे कलम विज्ञानाने निकालात काढलं, असं अनेकांना वाटतं. विदर्भातल्या एका पोटगीच्या खटल्यात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने डीएनए अहवालाला या गृहीतकापेक्षा वरचढ मानलंही. पण तिथे चाचणी आधीच झालेली होती. २०२३मध्ये पुण्यातला घटस्फोटाचा दावा वर गेला. बायकोचा व्यभिचार सिद्ध करायला नवऱ्याला मुलाची चाचणी हवी होती. खालच्या दोन्ही न्यायालयांनी ती मान्य केली होती, सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. मोठ्यांच्या भांडणात मुलाचं रक्त पुरावा म्हणून ओढायचं नाही, हा त्या निकालाचा गाभा. माझ्या मते आपल्या कौटुंबिक कायद्यातली ही सर्वांत माणुसकीची जागा आहे.

‘मिमी’चं मूळ समृद्धी पोरे यांच्या ‘मला आई व्हायचंय!’ या मराठी चित्रपटात आहे. त्या स्वतः वकील. म्हणून मूल पोटात वाढवणाऱ्या बाईची घालमेल तिथे मला जास्त खरी वाटते. मूल नको म्हणून पळणाऱ्यांना तेव्हा कायद्याचा धाक नव्हता. २५ जानेवारी २०२२ला लागू झालेल्या सरोगसी कायद्यात जन्मदोषाचं कारण सांगूनही मूल टाकता येत नाही. शिक्षा दहा वर्षांपर्यंत. शिवाय परदेशी जोडप्याला इथे सरोगसी करताच येत नाही, आणि सरोगेट होणारी बाई विवाहित, स्वतःचं मूल असलेली, २५ ते ३५ वयाची हवी. आज मिमी पहिल्याच पायरीवर अडली असती.

मात्र लग्नाविना आई झालेली बाई इथेही आहे, आणि तिला भानूसारखा कोणी शोधावा लागत नाही. हिंदू कायद्यात अशा मुलाची पहिली नैसर्गिक पालक आईच. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की पालकत्वाच्या अर्जात बापाचं नाव उघड करण्याची सक्ती तिच्यावर करता येत नाही. जन्मदाखल्यासाठी तिचं प्रतिज्ञापत्र पुरतं. महाराष्ट्रात १ मे २०२४पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांत आईचं नाव बंधनकारक झालं, तेही मुलाच्या नावानंतर, बापाच्या आधी.

तरी शाळेच्या खिडकीवर अजून अडवाअडवी होते. अशी कोणी आली की मी तिला प्रतिज्ञापत्र करून देते, सोबत निकालाची प्रत देते, आणि सांगते: बापाच्या रकान्यात खोटं नाव मात्र लिहू नका, तो रकाना मोकळा ठेवा.