उमादेवीचा आवाज

धाड, ३ नोव्हेंबर

कापसाची वेचणी जोरात आहे. दुपारी बांधावर शिदोरी सोडली तेव्हा पुतणीने मोबाईलवर 'दर्द' चित्रपटातलं उमादेवीचं गाणं लावलं, मुनव्वर सुलतानावर चित्रित झालेलं. काकू घास हातातच धरून ऐकत राहिल्या. "कोन गाते व्हय हे?" मी म्हटलं, टुनटुन. त्यासरशी पडद्यावरची ती लठ्ठ विनोदी नटी आठवून सगळ्या बाया हसत सुटल्या. गाणं चालूच होतं, पण त्याकडे कुणाचे कान राहिले नाहीत. मनाला फार लागलं.

४ नोव्हेंबर

काय दिवस काढले उमादेवीने! उत्तर प्रदेशातल्या खेड्यात जन्म, आईबाप लहानपणीच गेलेले, नातेवाइकांकडे राबणं. घर सोडून एकटी मुंबईला आली ती संगीतकार नौशादांच्या दारात उभी राहिली. गायला दिलं नाहीत तर समुद्रात जीव देईन, असं तिने बजावल्याची गोष्ट सांगतात. १९४७ मध्ये 'दर्द' आला. आवाज कसा, तर सरळ, मोकळा, हरकतींच्या नादी न लागणारा. पुढच्याच वर्षी मद्रासच्या 'चंद्रलेखा'त गायली. मग लता मंगेशकरांचा काळ आला, गायकीच बदलली आणि हिचं काम आटलं. नौशादांनीच तिला विनोदी भूमिकांकडे वळवलं. १९५० मध्ये दिलीपकुमारांच्या 'बाबुल' चित्रपटात ती पडद्यावर आली आणि टुनटुन झाली.

८ नोव्हेंबर

रात्री जपानच्या कासागी शिझुकोची गाणी ऐकतेय. तिचं 'टोकियो बुगी-वुगी'सुद्धा १९४७ मध्येच ध्वनिमुद्रित झालं. देश युद्धात होरपळलेला, जिवलग माणूस मे महिन्यात गेलेला, जूनमध्ये पोर झालेली. आणि सप्टेंबरात ही माईकसमोर उभी! संगीत हात्तोरी र्योइचीचं. १९५० चं 'काइमोनो बुगी' म्हणजे चक्क बाजारहाट: मासे, भाज्या, आणायच्या सामानाची यादी ओसाकाच्या बोलीत धडाधड म्हणत सुटते. एक अक्षर कळलं नाही तरी पुतणी पोट धरून हसली. हे हसू गाण्यातून आलेलं आहे, गाणारीच्या अंगावरून नाही. कासागीही पुढे गाणं सोडून अभिनयाकडे वळली. तरी २०२३ मध्ये जपानच्या एनएचके वाहिनीने तिच्या आयुष्यावर रोजची मालिका केली, तिचं नाव 'बुगी-वुगी'. तिकडे गाणं मागे पडलं नाही.

१० नोव्हेंबर

गल्लीतली पोरं एका अंगाने भरलेल्या मुलीला टुनटुन म्हणून चिडवत होती. त्यांना ठाऊक असलेली टुनटुन म्हणजे 'छोटा भीम'मधली लाडूवाली मावशी. त्यांना ओट्यावर बसवलं, 'दर्द'चं गाणं पूर्ण ऐकवलं आणि हीच ती, असं सांगितलं. चिडवलेली मुलगी म्हणाली, "आत्या, पुन्यांदा लावा ना."

उमादेवी २००३ च्या नोव्हेंबरात मुंबईत वारली. या महिन्यात रेडिओवर तिचं गाणं लागलं तर घरातल्या पोरांना आधी उमादेवी हे नाव सांगा, गाणं शेवटपर्यंत ऐकू द्या. टुनटुनचं नंतर सांगता येईल.