देवणीचे बैठे भजन

देवणी तालुक्यात, बिदर जिल्ह्याच्या हद्दीला लागून असलेल्या गावांत, बैठे भजन रात्रीच्या जेवणानंतर सुरू होते. सोमवार महादेवाचा, एकादशी विठ्ठलाची. बाकीच्या दिवशी कुणाच्या तरी ओसरीवर चारपाच जण जमले तरी पुरते. बोलावणे नसते आणि बिदागीही नसते. चहा तेवढा होतो. शेतकरी, शिंपी, किराणा दुकानदार, शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी असे एकमेकांना लहानपणापासून ओळखणारे लोक गोल करून बसतात. या भजनाला श्रोता नसतो. जो येऊन बसेल त्याच्या हातात टाळ दिला जातो. प्रस्तुत लेखक या बैठकांत पाहुणा म्हणून गेला आणि टाळकरी होऊन राहिला. पुढची माहिती त्या गोलात बसून गोळा झालेली आहे.

या भागात दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहतात. एक वारकऱ्यांचा: ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ, तुकाराम. दुसरा वीरशैवांचा. बीड जिल्ह्यातील कपिलधार येथे समाधी असलेल्या मन्मथस्वामींनी ‘परमरहस्य’ मराठीत लिहिले आणि अभंगही मराठीतच रचले, त्यामुळे इथल्या लिंगायत घरांतले शिवभजन मराठीत चालते. सीमेपलीकडे बसवकल्याण आहे, तिथली वचने कन्नड. बिदर-कलबुर्गी पट्ट्यात एकतारीवर कन्नड तत्त्वपदे म्हणतात. हुमनाबादजवळच्या माणिकनगरचे माणिकप्रभू (1817–1865) यांनी तर मराठी, कन्नड आणि उर्दू अशा तिन्ही भाषांत पदे केली. उदगीर तालुका 1956 पर्यंत हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यात होता आणि देवणी त्या तालुक्यात. राज्य पुनर्रचनेने हद्द बदलली, पण सोयरिकी आणि चाली तशाच येत-जात राहिल्या. एकाच रात्री तुकोबांचा अभंग, त्यामागून मन्मथस्वामींचा आणि भालकीकडच्या एखाद्या जावयाने म्हटलेले कन्नड पद ऐकायला मिळते. गोलातल्या कुणाला त्यात काही विशेष वाटत नाही. लेखकाला मात्र या गावांची खरी श्रीमंती तीच वाटते.

साहित्य थोडे असते: पेटी, पखवाज, टाळ, क्वचित एकतारी. यांत सर्वांत जास्त निगा पखवाजाला लागते. बैठकीआधी घरातून मूठभर गव्हाचे पीठ येते. वादक ते पाण्यात घट्ट मळतो, डाव्या तोंडाच्या मध्यावर थापतो आणि अंगठ्याने कडा दाबत चकती बसवतो. एक थाप मारून कान देतो. कणीक कमी पडली तर आवाज चढा आणि कोरडा राहतो, जास्त झाली तर घुमारा दबतो. मग चिमूटभर काढायची, पुन्हा थाप, पुन्हा ऐकणे. उजव्या तोंडाला शाई कायमची असते, ती बाजू हातोडीने गठ्ठे ठोकून पेटीच्या सुराला मिळवतात. नटबोल्टचे पखवाज आल्यापासून हे काम पान्याने होते. भजन संपल्यावर कणीक खरवडून काढावीच लागते, नाहीतर वाळून ती चामडे धरते.

टाळ सोपा वाटतो, पण तो सोपा नाही. नवखा माणूस दोन्ही टाळ एकमेकांवर आपटतो आणि शेजाऱ्याचे कान बधिर करतो. लेखकाला शेजारच्या वयस्कर टाळकऱ्यांनी बोलून काही शिकवले नाही. त्यांनी मनगट धरून कडेवर कड निसटती कशी लावायची ते दाखवले, मग नाद मोकळा सुटू दिला, आणि पुढच्या मात्रेला टाळ मिटून तो बंद केला. या उघडझापेवरच आठ मात्रांचा भजनी ठेका उभा राहतो.

पेटी बाहेरून आलेली. मुक्त पत्तीच्या या वाद्याचे पेटंट पॅरिसच्या आलेक्सांद्र दबाँ यांनी 1840 च्या दशकात घेतले, आणि पुढे कोलकात्यात तिचे हाताने भाता हलवण्याचे रूप घडले. अमेरिकेतील लुईझियानाच्या केजन लोकांतही असेच एक वाद्य बाहेरून आले. 1755 पासून कॅनडाच्या अकेडिया भागातून हुसकावलेल्या या फ्रेंच भाषकांचे मूळ वाद्य फिडल. पत्तीचेच वाद्य असलेला अकॉर्डियन त्यांच्याकडे नंतर आला. घरोघरीच्या नाचांत दोन फिडल वाजत: एक चाल धरी, दुसरे खालच्या तारांवर ठेका देई. डेनिस मॅगी आणि सेडी कूर्व्हिल या जोडीच्या 1929 च्या ध्वनिमुद्रिकांत ही विभागणी स्पष्ट ऐकू येते. देवणीकडे अशीच विभागणी मुख्य म्हणणारा आणि मागे म्हणणारे यांच्यात असते, फक्त मागच्यांची संख्या ठरलेली नसते.

सुरुवात नामाच्या गजराने होते. मग रूपाचा अभंग, त्यानंतर विनवणीचे. पट्टी बहुधा काळी चार, आणि रंगात आलेला म्हणणारा ती आणखी चढवतो, तेव्हा मागून आवाज येतो, “अप्पा, पट्टी उतरवा की जरा.” एक अभंग संपला की “घ्या मामा, आता तुम्ही घ्या” असे म्हणून पाळी पुढे सरकते. मुख्य म्हणणारा ओळ टाकतो, बाकीचे ती उचलतात. लय संथ असते, मग दुप्पट होते, टाळ एकत्र येतात आणि पखवाज तिहाई घेऊन थांबतो. दुगणीत शिरताना चुकण्याची भीती पार निघून जाते, कारण डावीउजवीकडचे टाळ नवख्यालाही सोबत ओढून नेतात. मध्यरात्रीच्या सुमारास गौळण आणि भारूड येते, आणि शेवटी भैरवी व आरती.

शिकण्याचे साधन म्हणजे वही. प्रत्येकाची स्वतःची, हाताने लिहिलेली, तेलाच्या बोटांनी कडा काळ्या झालेली. अभंगाच्या डोक्यावर चालीची खूण असते आणि ती बऱ्याचदा एखाद्या सिनेमाच्या गाण्याची असते. जुने लोक यावर नाराज होतात. सिनेमाच्या चालीने भजन बिघडतेच असे नाही. शब्दांचे तुकडे पडू लागले, अर्थ ऐकू येईनासा झाला, की मात्र बिघडते, आणि तसे जुन्या चालींतही होते.

सोयाबीनची काढणी आणि तुरीच्या राशी या काळात बैठका विरळ होतात. तरुण पोरे पुण्याला, लातूरला कामाला असतात. दिवाळीत आली की पखवाज त्यांच्याकडे दिला जातो. सप्ताहाला ध्वनिक्षेपक लागतो, बैठ्या भजनाला नाही. बायकांची भजनी मंडळे दुपारी बसतात, घरची कामे उरकल्यावर. त्यांची पट्टी वेगळी, चाली वेगळ्या, आणि अनेक ठिकाणी पेटीही त्यांच्यापैकीच एखादी मावशी वाजवते.