नगराध्यक्ष होण्याआधीची वर्षे

सातारा, कराड, सांगली, मिरज इथे प्रचाराच्या पत्रकावर नावाआधी ‘ॲड.’ दिसले की मतदाराचा विश्वास थोडा वाढतो, हे मी अनेक निवडणुकांत पाहत आलो आहे. हा विश्वास मला अर्धाच पटतो. सनद मिळाली म्हणून कुणाला शहर चालवता येत नाही. खुर्चीत बसण्याआधी त्या माणसाने काय केले, ते तपासायला हवे. गणेश वासुदेव मावळंकरांना आपण लोकसभेचे पहिले अध्यक्ष म्हणून ओळखतो. मूळच्या कोकणातल्या मराठी घरातल्या या माणसाने 1913 मध्ये अहमदाबादेत वकिली सुरू केली, खेडा सत्याग्रहात काम केले, 1919 मध्ये तो नगरपालिकेत निवडून गेला आणि 1930 मध्ये नगराध्यक्ष झाला. मधली 11 वर्षे मला सर्वांत मोलाची वाटतात. त्या काळात त्यांनी वल्लभभाई पटेलांसारखा दुसरा वकील अध्यक्षपद कसे सांभाळतो, तेही जवळून पाहिले.

सभासदाच्या बाकावर शिकण्यासारखे काय असते? सभेची विषयपत्रिका घ्या. शेवटी ‘आयत्या वेळचे विषय’ असतात. सभा आटोपत आलेली, लोक उठायच्या बेतात, आणि खर्चाचा एखादा ठराव टिपणी न वाचताच मंजूर होतो. पुढे तक्रार झाली की 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 308 खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात, आणि वॉर्डातला रस्ता कागदावरच राहतो. कायदा जाणणारा आणि सभागृहात मुरलेला माणूस तिथेच हात वर करून तरतूद विचारतो. आता नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडला जातो, म्हणजे सभागृहात एक दिवसही न बसलेला उमेदवार अध्यक्ष होऊ शकतो. त्यामुळे आधीच्या वर्षांची चौकशी अधिकच गरजेची झाली आहे.

यावर कोणी म्हणेल, वसंतदादा पाटलांचे शालेय शिक्षण ते किती, तरी सांगलीचा सहकारी साखर कारखाना त्यांनीच उभा केला. अगदी खरे. म्हणूनच मी पदवीवर अडून बसत नाही. दादांमागे स्वातंत्र्यलढ्यातले आणि सहकारातले काम होते. कराडात पी. डी. पाटील 42 वर्षे नगराध्यक्ष होते, अनुभव तर खुर्चीतच येतो, असाही मुद्दा निघेल. पण इतकी वर्षे एखाद्यालाच लाभतात. इतरांच्या शिकण्याची किंमत शहर मोजते. सांगली-मिरज-कुपवाडच्या महापौराकडे कार्यकारी अधिकार नाहीत, ते आयुक्तांकडे असतात, हा आक्षेप त्याहून वजनदार. माझ्या मते त्यामुळे तयारीची गरज वाढते, कारण हुकूम चालत नसेल तिथे आयुक्तांची टिपणी वाचून तिच्यातली त्रुटी दाखवावी लागते. आणि उमेदवार वकील असेल, तर त्याने आजवर पालिकेविरुद्धच्या दाव्यांत कोणाकोणाचे वकीलपत्र घेतले, बांधकाम आणि जागांच्या प्रकरणांत तो कोणाच्या बाजूने उभा राहिला, हे मतदानाआधी जाहीर सभेत विचारले गेलेच पाहिजे.